बाबा, आबा, अण्णा: ते काय करायचे आणि कसं करायचे

मार्गशीर्षात आमच्या आबांचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं उरकली, पाहुणे गेले, घरचे तेवढे उरलो. मग आबांचा विषय निघाला आणि जो तो तेच तेच बोलू लागला. फार प्रेमळ होते, फार कष्ट काढले, कधी कुणाला दुखावलं नाही. सगळं खरं, पण हे कुठल्याही भल्या माणसाबद्दल बोलता येतं. तेवढ्यात माझा भाचा म्हणाला, "स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, कापूरहोळ, शिरवळ..." आणि सगळी खोली एकदम हसली, रडली, काय म्हणाल ते.

आबा एसटीत कंडक्टर होते. 1 जून 1948 ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली. आबांचा जन्म त्याच वर्षीचा, आणि ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. घरात लहान मूल झोपेना झालं की त्याला खांद्यावर टाकून आबा अंगणात फेऱ्या मारायचे आणि पुणे-सातारा गाडीचे थांबे म्हणायचे. ड्युटीवर ओरडायचे तसे नाही. हळू, लांबवून. खंडाळा गेलं की खंबाटकीचा घाट लागायचा, तिथं आवाज आणखी उतरायचा. घाट उतरून सुरूर, भुईंज, पाचवड. पाचवडच्या पुढं आमच्या घरातलं एकही पोर कधी जागं राहिलं नाही. मी, माझा भाऊ, मग आमची मुलं, सगळी याच मार्गावर झोपली.

तिकिटाचं यंत्र त्यांच्या हातात आलंच नाही. त्यांच्या वेळी ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांच्या गड्ड्या, आणि हातात पंच. गर्दीतून वाट काढताना तो पंच रिकामाच वाजवत जायचे, टिक टिक टिक, म्हणजे माणसं आपसूक सरकायची. मुक्कामी गाडी असली की दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचे. आंघोळ, जेवण, मग वर्तमानपत्र पसरून त्यावर आपल्या खिशातली चिल्लर लावायची. चार आण्यांचे मनोरे वेगळे, आठ आण्यांचे वेगळे. आम्हाला हात लावायची परवानगी होती, मोडायची नव्हती.

या सगळ्यात माझे आबा आहेत. "प्रेमळ होते" या शब्दात ते मला सापडत नाहीत. म्हणून तुम्हा सगळ्यांना आग्रहाचं आवतण. तुमचे वडील, आजोबा गेले असतील तर त्यांच्याबद्दल लिहा. गुणांची यादी नको. ते काय करायचे, कसं करायचे, काय बोलायचे ते लिहा. दोन ओळी लिहा, दोन पानं लिहा. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही त्यांनाही ते दिसू देत. आलेलं लिखाण खाली आहे.

मुलगा, आधी लालबाग, आता विरार

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर. सावंतवाडीकडून मुंबईला आले ते गावच्या गाळ्यात उतरले. एका खोलीत गावचेच सगळे, पाळीप्रमाणे झोपणारे. एकाची वळकटी गुंडाळली की दुसऱ्याची पसरायची, जेवण खाणावळीत. मी या गोष्टी ऐकल्यात, पाहिल्या नाहीत. मला कळायला लागलं तेव्हा संप सुरू झाला होता. 18 जानेवारी 1982. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी गिरणीचं दार पुन्हा उघडलंच नाही. बाबा त्या दिवसांबद्दल फार बोलत नसत. पुढं त्यांनी एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली आणि निभावली.

सांगायचं आहे ते त्यांच्या कानांबद्दल. शेकडो साचे एका वेळी धडधडत असायचे, तिथं वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. साचेखात्यातली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची, हातवारे करायची. ती सवय बाबांना घरीही राहिली. पाठीमागून हाक मारली तर ओ नाही. समोर जायचं, त्यांनी बघितलं की मगच बोलायचं.

माझी मुलगी त्यांच्याच मांडीवर वाढली. मी आणि बायको दोघं कामावर, दिवसभर आजोबा आणि ती. ती बोलायला शिकली तीच आजोबांसमोर उभी राहून, मान वर करून, एकेक शब्द तोंड उघडून. आज ती नववीत आहे. अजून कुणाशीही बोलायचं असलं की ती आधी त्या माणसाच्या समोर जाते. चालता चालता, पाठमोरी, दुसऱ्या खोलीतून असं ती बोलतच नाही. शाळेतल्या बाईंनी पालक सभेत मुद्दाम सांगितलं की ही मुलगी डोळ्यात बघून बोलते, फार छान वळण लावलंत. मी म्हटलं, आजोबांनी लावलं.

आणखी एक. तुटलेला धागा जोडायची विणकऱ्याची गाठ. दोन टोकं अंगठ्याखाली एकावर एक आडवी धरायची, एक धागा मागून फिरवून फासात घ्यायचा आणि ओढायचं. एवढीशी गाठ, फणीतून अडकल्याशिवाय पार व्हायला हवी. बाबा हे न बघता करायचे, तेही वयाच्या सत्तरीनंतर. संक्रांतीला चाळीतली पोरं तुटलेला मांजा घेऊन त्यांच्यासमोर रांग लावायची.

गिरणी कामगारांच्या घरासाठी भरलेला अर्ज तसाच आहे. आता त्यावर वारस म्हणून आईचं नाव लागलंय. सोडत निघाली की आई अजून पेपर मागवते.

मुलगी, कोल्हापूर

एवढं मोठं लिहायला जमणार नाही. आमचे तात्या रोज संध्याकाळी आम्हाला गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्यायचे. म्हैस समोर, धार समोर, पेला फेसानं भरलेला. स्वतः आधी कधी प्यायले नाहीत. आमचे तिघांचे पेले रिकामे झाले की आपला घ्यायचे आणि मिशीला लागलेला फेस पुसायचे नाहीत, आम्ही हसावं म्हणून. माझ्या मुलालाही तसंच हसवलं. बस.

लेक, मंगळवेढा

वरची गाठ वाचली आणि अण्णांची बोटं आठवली. आमच्या अण्णांच्या हातात रंगीत दोरा असायचा.

मंगळवेढ्याची काळी रानं म्हणजे ज्वारीची. आम्ही जोंधळा म्हणतो. रब्बीचा, मालदांडी. कणसात दाणा भरला की अण्णा एकटेच रानात फिरायचे. ताट सरळ, कणीस गच्च, कीड नाही, काणी नाही, असं कणीस दिसलं की त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी परत जाऊन तपासायचं. एखाद्याचा दोरा सोडूनही टाकायचे. काढणीच्या वेळी दोऱ्याची कणसं आधी, वेगळी. ती खळ्यावर जायची नाहीत. आई अंगणात काठीनं बडवायची. मग दाणे वाळवून, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात, पुढच्या पेरणीसाठी. त्या मडक्याला घरात दुष्काळ पडला तरी कुणी हात लावायचा नाही.

हे "दुष्काळ पडला तरी" बोलण्यातलं नाही. 1972 ला अण्णा तरुण होते. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनला मिलो, म्हणजे परदेशी जोंधळा. तांबडा, कडसर, त्याची भाकरी थापताना फुटायची. त्या वर्षी गावातल्या कित्येकांनी बियाणं दळून खाल्लं, खाणारच, पोरं उपाशी होती. आमच्या आजीनं एक मडकं चुलीमागच्या भिंतीत लिंपून टाकलं होतं. पुढच्या साली पाऊस झाला तेव्हा आमच्या रानात पेरलं गेलं ते भिंतीतलं बी. अण्णा पेरणीच्या दिवशी पाभर पुजायचे तेव्हा आधी आजीचं नाव घ्यायचे, मग देवाचं.

आता मला खरं जे सांगायचं आहे ते. आम्ही तीन बहिणी, दोन भाऊ. गावाकडं माणूस गेला की तेरावा होतो, मग वारस नोंदीसाठी तलाठ्याकडं जायचं, फेरफार निघतो, सातबाऱ्यावरच्या मयताच्या नावाला कंस पडतो आणि खाली वारसांची नावं चढतात. आणि त्याच आठवड्यात बहिणींना हक्कसोड करायला बोलावतात. साडी, जेवण, दुय्यम निबंधकाचं ऑफिस, अंगठा. माझ्या तिन्ही मावशांनी असंच सोडलं. कायद्यानं वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा आपल्या राज्यात 1994 पासून आहे, 2005 पासून देशभर आहे. पण कायदा कागदावर आणि भाऊबीज दारात. वाटा मागितला तर माहेर तुटतं, ही भीती प्रत्येकीला असते. मलाही होती.

अण्णांनी आजारपणात एके दिवशी पाचही जणांना खाटेभोवती बसवलं. म्हणाले, "पोरींनी मागितलं न्हाई आन् मागणार बी न्हाईत. म्हणून मीच सांगतो. हक्कसोड घ्यायची न्हाई. नावं पाच चढली पायजेत." थोरला भाऊ गप्प राहिला. त्याला ते जड गेलं, सगळ्यांना दिसत होतं. रान तोच कसतो, कर्ज त्याच्या नावावर. अण्णांनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "तू कसतोस ते मला ठावं हाय. कसणाऱ्याचं आधी निघंल, मग वाटं." ते गेल्यावर फेरफारासाठी तलाठ्याकडं पाच नावांचा अर्ज गेला. थोरल्यानंच दिला.

मी सातबारा काढून आणला. अण्णांच्या नावाला कंस आणि खाली आम्ही पाच. मला त्या कागदाचा जितका आधार वाटतो तितका त्यांच्या फोटोचा वाटत नाही. माहेरून जोंधळ्याचं पोतं आधीही यायचं. आता ते आमच्या वाट्याचं म्हणून येतं आणि भाऊच उतरवून देतो. या साली दोरे बांधायला मीही गेले होते. कुठलं कणीस धरायचं यावर माझं आणि भावाचं चांगलंच वाजलं.

नात, कुडाळ तालुका

आमच्या आजोबांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतली माणसं यायची. मालवणी मुलखातल्या लोकांना गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. कुठलंही कार्य असो, गणपती, लग्न, पेरणी, घरचा कर्ता पुरुष देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि देवाला सरळ आपल्या बोलीत सगळं सांगतो. मंत्र नाही, संस्कृत नाही. प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे "होय म्हाराजा" म्हणतात.

"बा देवा म्हाराजा, बारा गावच्या बारा वेशीच्या म्हाराजा..." असं सुरू झालं की आजोबा थांबायचेच नाहीत. घरातल्या एकूणएक माणसाचं नाव यायचं. मुंबईतला मुलगा, पुण्याची सून, माझी दहावी, आत्याचं गुडघ्याचं ऑपरेशन, गाभण गाय. एकदा कोणीतरी घरात भांडून अबोला धरला होता, तर देवालाच सांगितलं, "ह्या दोघांमदी काय्येक वाकडा आसात ता सरळ कर म्हाराजा." सगळे "होय म्हाराजा." त्या दोघांनाही म्हणावं लागलं.

आजोबा गेले त्याच्या पुढच्या चतुर्थीला बाबा उभे राहिले. बाबांचं सगळं आयुष्य मुंबईत, ऑफिसात. त्यांची मालवणी आमच्याशी बोलण्यापुरती. "बा देवा म्हाराजा" म्हणाले आणि पुढचं काही येईना. मागून काकांनी, आत्यांनी, शेजाऱ्यांनी तेवढ्यावरच "होय म्हाराजा" म्हटलं. मग बाबांनी सुरुवात केली. अर्धं मालवणी, अर्धं पुस्तकी. नावं मात्र एकही चुकली नाहीत. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या दादांक तुझ्या पायाशी जागा दी म्हाराजा." तेव्हाचं "होय म्हाराजा" मला शब्दात लिहिता येत नाही.

यंदा मी बाबांना म्हटलं, मलाही शिकायचं आहे. पुरुषांनीच का म्हणायचं? बाबा म्हणाले, ऐकत ऐकतच येतं ते, माझ्या बाजूला उभी राहा.

नातू, अशदोद, इस्राएल

मी मराठी वाचतो हळू, लिहितो त्याहून हळू, म्हणून मामेबहिणीकडून तपासून घेतलं आहे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आजोबा रेवदंड्याचे. तिकडं आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, कारण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद. आजोबा इथं आले तेव्हा तरुण होते. बंदरात काम केलं. हिब्रू शिकले, पण मोजायचे मराठीत. भाजी घेताना, औषधाच्या गोळ्या टाकताना, माझ्याबरोबर पत्ते खेळताना. एक दोन तीन चार. मीही अजून मराठीतच मोजतो, बाकी सगळं हिब्रूत चालतं.

घरात काही चांगलं झालं की मलिदा. भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. एलियाहू हन्नावी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावानं. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाच्या चाकाची खूण आहे असं आमची माणसं मानतात, आणि आजोबांनी ती जागा लहानपणी पाहिली होती. खोबरं आजोबा स्वतः खवायचे, जमिनीवर विळीवर बसून, गुडघे दुखत असतानाही. मिक्सर घरात होता. त्यांना तो चालायचा नाही, खोबऱ्याचा लगदा होतो म्हणायचे.

ते गेल्याच्या तारखेला आम्ही दिवा लावतो, तो रात्र आणि दिवस जळतो. कद्दिश म्हणतो, म्हणजे गेलेल्यांसाठीची प्रार्थना, ती अरामी भाषेत. मग टेबलावर बसून चहा, आणि तिथून पुढं सगळे मराठीत. माझ्या मुलांना त्यातलं निम्मं कळतं. ती विळी मामीकडे आहे. मी मागितली आहे, अजून मिळालेली नाही.

मुलगा, नगर जिल्हा

सगळ्यांचं वाचतो आहे आणि मनात एक गोष्ट येते आहे. ती लिहिली नाही तर माझं लिहिणं खोटं होईल. आमचे वडील आमच्यासाठी प्रेमळ नव्हते. नातवंडांसाठी होते.

ते साखर कारखान्यात पॅनमन. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: उसाचा रस आटवून त्याचा पाक ज्या मोठ्या भांड्यात शिजवतात तो पॅन. दाणा किती मोठा झाला, अजून किती वेळ ठेवायचा, हे पॅनमन ठरवतो. हंगाम सुरू झाला की तीन पाळ्या. घरी आले की त्यांची झोप मोडायची नाही. आमचं लहानपण कुजबुजत गेलं. त्यांनी मला कधी उचलून घेतल्याचं मला आठवत नाही. दहावीला चांगले गुण पडले तेव्हा फक्त मान हलवली.

तेच वडील निवृत्त झाल्यावर माझ्या मुलीसाठी घोडा झाले. तिच्या वेण्या घातल्या. मला आनंद व्हायला हवा होता, आणि व्हायचाही, पण आत कुठंतरी टोचायचं. आईला एकदा बोलून दाखवलं. आई म्हणाली, "तेव्हा त्यांना झोप नव्हती रे. बारा वर्षं मी त्यांना सलग सात तास झोपलेलं पाहिलं नाही." मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एक प्रसंग डोळ्यासमोरून हलत नाही. पॅनमधला नमुना काचेच्या पट्टीवर घेऊन, उजेडासमोर धरून दाणा बघायचा असतो. वडिलांनी ती काच घरी जपून ठेवली होती. एका रात्री माझ्या मुलीला घेऊन बसले. घरी साखरेचा पाक केला, त्यात चिमूटभर बारीक साखर टाकून ढवळत बसले, आणि थोड्या थोड्या वेळानं थेंब काचेवर घेऊन टॉर्चसमोर धरायचे. "बघ, आता कोपरे आले का?" ती बघायची. मीही मागं उभा होतो. त्यांनी वळून पट्टी माझ्याकडं धरली, म्हणाले, "तूही बघ, तुला कधी दाखवलंच नाही." कोपरे आले होते. चौकोनी, चकचकीत.

नातू, अंबाजोगाई तालुका

आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते आणि तो उभा असतो. दोन दोन तासांचे पहारे वाटलेले असतात, मंदिराच्या भिंतीवर यादी लावतात. आमचे बापू पहाटे दोन ते चारचा पहारा घ्यायचे. तो कुणाला नको असतो. संध्याकाळी माणसं असतात, कीर्तनाला गर्दी, वीणा गळ्यात घेऊन मिरवता येतं. दोनला मंडपात एखादं कुत्रं आणि झोपलेला टाळकरी. बापू म्हणायचे, कुणी बघत नसताना उभं राहता आलं पाहिजे.

दीड वाजता उठायचे, गार पाण्यानं आंघोळ, बुक्का लावून निघायचे. मी लहान असताना हट्टानं त्यांच्याबरोबर जायचो आणि जाऊन सतरंजीवर झोपायचो. जाग यायची ती वीणा बदलताना. आधीचा माणूस आणि बापू एकमेकांच्या पाया पडायचे. वयाचा प्रश्न नाही. वीस वर्षांचं पोरगं असलं तरी बापू वाकायचे. मग वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात, तार मध्ये थांबू न देता.

ते गेल्यावर यादी लिहिणाऱ्या मास्तरांनी मला विचारलं, दोन ते चारच्या पुढं कुणाचं नाव टाकू. मी म्हटलं माझं. मी कंपनीत कामाला, पुण्यात राहतो, सप्ताहासाठी सुट्टी काढावी लागते. साहेबाला काय सांगायचं ते कळेना, तर खरं तेच सांगितलं. सुट्टी मिळाली. पहिल्या रात्री पाय असे भरून आले की वाटलं आता बसतो. वीणा गळ्यात असताना बसता येत नाही.

मुलगी, अकोला

मी परिचारिका आहे. माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. माझं लिहिणं थोडं वेगळं आहे, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहिते.

बाबांनी नेत्रदानाचा अर्ज भरला होता आणि त्याचं कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या डबीबरोबर असायचं. नातवंडं डबी उघडायची तर कार्ड आधी हातात यायचं, आणि बाबा त्यांना दर वेळी तेच समजावायचे, गणित शिकवावं तसं. डोळ्याच्या पुढच्या काचेला पारपटल म्हणतात, तेवढंच बसवतात, डोळ्याचा रंग बदलत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्याला देता येतं, चष्मेवाल्याला देता येतं, साखरेचा आजार असलेल्यालाही देता येतं. सहा तासांच्या आत कळवायचं. हे सहा तास माझ्या भाचीला दुसरीत असताना पाठ होते.

बाबा पहाटे गेले, घरीच. घरात रडारड सुरू झाली आणि ही भाची, आता बारावीला आहे, उठली आणि पंखा बंद केला. मला ते करायचं होतं, मी ते रोज बघते, पण माझे हात चालत नव्हते. पापण्या मिटवल्या, डोक्याखाली उशी देऊन डोकं उंच केलं, ओल्या कापसाच्या घड्या डोळ्यांवर ठेवल्या, आणि नेत्रपेढीला फोन लावला. मग म्हणाली, "मावशी, बरोबर केलं ना?" सगळं बरोबर केलं होतं.

काका भडकले. "पुढल्या जन्मी आंधळा येईन ना थो! कायले चिरफाड करता बाप्पा?" आई तोपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. ती म्हणाली, "भाऊजी, मास्तरायनं सांगून ठेवलं हाय. थांबा जराशे." डॉक्टर आले, अर्ध्या तासाच्या आत सगळं आटोपलं. चेहरा होता तसाच होता, काकांनी स्वतः वाकून बघितला. दुपारी अंत्ययात्रा निघाली.

बाबांचे डोळे कुणाला बसवले ते सांगत नाहीत, नियमच तसा आहे. भाचीला मात्र वाटत राहतं की बसमध्ये समोर बसलेला माणूस तोच असेल. मी तिला अडवत नाही.

काकांना अजून पटलेलं नाही. भाऊबीजेला येणार आहेत, तेव्हा मी पुन्हा विषय काढणार आहे. कार्डाचा कोरा अर्ज आणून ठेवलाय.